सर्व्हरचा जम्पर हलवण्याआधी आणि नंतर: वीजमर्यादा आणि फर्मवेअरचं कुलूप शाबूत ठेवण्याचा क्रम

एप्रिलमध्ये एका कॉलेजच्या सर्व्हर-खोलीत जायची वेळ आली. तीन सर्व्हर, तिन्ही १६ अँपिअरच्या एकाच लाइनवर. लाइन बंद करून प्लग काढला तर त्याची एक पिन तपकिरी पडलेली, आणि सॉकेटचं प्लॅस्टिक बोटानं दाबलं तर दबत होतं. एमसीबी (जास्त वीज गेली की पडणारा स्विच) मात्र पडला नव्हता. विचारपूस केल्यावर कळलं की आठवडाभरापूर्वी रॅक दुसऱ्या खोलीत हलवला, तेव्हा बायोसचा (सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) पासवर्ड कुणालाच आठवेना, म्हणून तिन्ही सर्व्हरचे जम्पर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या कॅप) हलवून पासवर्डही काढला आणि सेटिंगही पुसली. सर्व्हर सुरू झाले, सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्या पुसण्यात प्रोसेसरवर घातलेली वीजमर्यादाही गेली होती. दोन सर्व्हरमध्ये तर पासवर्डचा जम्पर अजून ‘पासवर्ड बंद’ या जागेवरच होता.

जम्पर हलवणं हे दहा सेकंदांचं काम आहे. चुका होतात त्या आधीच्या तासाभरात आणि नंतरच्या तासाभरात. बहुतेक सर्व्हरमध्ये वीजमर्यादा जम्परवर नसते, ती सेटिंगमध्ये साठवलेली असते, आणि पासवर्ड किंवा फर्मवेअरसाठी (बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम, बायोसही त्यातलाच) हलवलेला जम्पर तीच सेटिंग पुसू शकतो. म्हणून आधी नोंद, मग जम्पर, मग मर्यादा आणि अगदी शेवटी कुलूप, म्हणजे सेटिंग आणि फर्मवेअर कुणी बदलू नये अशी बंदी, असा क्रम ठेवा. कुलूप आधी लावलं तर बायोसमधली मर्यादा सेव्हच होत नाही, आणि मर्यादा विसरलात तर वर सांगितलेल्या प्लगसारखी गत होते.

१. मर्यादा कुठे राहते ते आधी शोधा

कागद घ्या आणि सर्व्हरवर आज कुठकुठली वीजमर्यादा आहे ते लिहून काढा. ती तीन जागी असू शकते.

पहिली जागा बायोस. इंटेल प्रोसेसरवर पीएल१ आणि पीएल२ अशा दोन मर्यादा असतात. पीएल१ सतत चालणाऱ्या कामासाठी, पीएल२ थोड्या वेळाच्या उसळीसाठी. एएमडी एपिकवर सीटीडीपी नावाची सेटिंग असते. उदाहरणार्थ, एपिक ७७६३ हा २८० वॉटचा प्रोसेसर २२५ वॉटपर्यंत खाली आणता येतो. म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेल्या सर्व्हरमध्ये नुसत्या प्रोसेसरवर ११० वॉटचा फरक. पॉवर प्रोफाइलही इथेच असतं. सेटिंग पुसणारा जम्पर फिरला की हे सगळं कंपनीच्या मूळ आकड्यांवर जातं.

दुसरी जागा बीएमसी, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही चालणारी, दुरून त्याचा कारभार बघू देणारी बोर्डावरची चिप: डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयएलओ किंवा सुपरमायक्रोचं आयपीएमआय. अख्ख्या सर्व्हरवरची कमाल वॉटची मर्यादा, जिला पॉवर कॅप म्हणतात, ती इथे राहते. बायोसची सेटिंग पुसली तरी ती सहसा टिकते, पण बीएमसी कारखान्याच्या स्थितीला नेलं तर जाते.

तिसरी जागा ऑपरेटिंग सिस्टम. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर एनव्हिडिया-एसएमआय या कमांडनं घातलेली वॉटची मर्यादा रीबूटनंतर राहत नाही. ती दर बूटला पुन्हा लावणारी सर्व्हिस लिहिलेली असेल तरच परत येते. तुमच्याकडे ती सर्व्हिस आहे की कुणीतरी एकदा हातानं कमांड दिली होती, हे आत्ताच बघा.

खऱ्या अर्थानं जम्परवर असलेली वीजमर्यादा मुख्यतः हार्ड डिस्कवर सापडते. ती टप्पा ८ मध्ये.

तपासणी: तिन्ही जागांसमोर आकडा किंवा ‘नाही’ लिहिलेलं असलं पाहिजे. रिकामी जागा म्हणजे तुम्ही अजून बघितलेलं नाही.

२. लाइनचा हिशेब करा

मर्यादा किती हवी हे सर्व्हर ठरवत नाही, लाइन ठरवते. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॉट. सतत चालणाऱ्या लोडसाठी मी त्याचे ८० टक्केच धरतो, म्हणजे साधारण २,९४० वॉट.

त्या कॉलेजचा हिशेब असा होता. मर्यादेसह प्रत्येक सर्व्हर ८५० वॉट, तीन मिळून २,५५०, वर स्विच आणि इतर १५० वॉट. एकूण २,७००, ठीक. मर्यादा गेल्यावर प्रत्येक सर्व्हर पूर्ण लोडला १,१५० वॉटला गेला. एकूण ३,६००. कागदावर हेही ३,६८० च्या आतच आहे, म्हणून कुणाला धोका वाटला नाही.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय वॉट तेवढेच खेचतो. व्होल्टेज पडलं की तो अँपिअर वाढवतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लाइन २०० व्होल्टवर आली की ३,६०० वॉटसाठी १८ अँपिअर लागतात. आणि १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरला पडत नाही, तासन्‌तास तसाच उभा राहतो. तापतं ते सॉकेट, प्लगची पिन, सैल झालेला स्क्रू. एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं बरं आहे, असं धरून चालू नका.

दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरमध्ये आणखी एक चूक होते. दोन सप्लाय दोन लाइनवर असले की लोक प्रत्येक लाइनवर निम्मा लोड धरतात. एक लाइन गेली की दुसरीवर सगळा लोड येतो. हिशेब नेहमी ‘एकच लाइन जिवंत आहे’ असं धरून करा. नाहीतर ज्या क्षणी दुसऱ्या लाइनची गरज पडेल त्याच क्षणी तीही पडेल.

यूपीएसवर लिहिलेला आकडा व्हीए मधला असतो. ०.८ पॉवर फॅक्टरचा ३ केव्हीए यूपीएस २,४०० वॉटच देतो. आणि पाठीमागची नेहमीची सी१३ वायर १० अँपिअरपर्यंतचीच असते, हेही एकदा डोळ्यांखालून घाला.

३. सेटिंगची नोंद आणि किल्ल्या

बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. आयड्रॅक किंवा आयएलओमधून सेटिंगची फाइल काढता येत असेल तर तीही काढा, पण फोटो काढाच. फाइल नेमकी त्याच सर्व्हरवर राहते जो चालू होत नाही, हे अनेकदा झालं आहे.

या चार नोंदी सुटतात आणि नंतर रडवतात:

- बूटची पद्धत यूईएफआय (नवी) आहे की लेगसी (जुनी), आणि बूटचा क्रम.
- साटा कंट्रोलर (डिस्क ज्याला जोडतात तो) एएचसीआय वर, म्हणजे डिस्क सुट्या दाखवणारा, आहे की रेडवर, म्हणजे अनेक डिस्कचा एक गट (ॲरे) करणारा.
- वीज परत आल्यावर सर्व्हरनं काय करायचं ही सेटिंग. जिथे रोज लाइट जाते तिथे ती ‘चालू हो’ किंवा ‘होता तसा हो’ वर ठेवलेली असते. पुसल्यावर ती बंदवर गेली, तर रात्री लाइट जाऊन आल्यावर सर्व्हर मेलेला सापडतो आणि सगळे पॉवर सप्लायला दोष देतात.
- व्हर्च्युअलायझेशनच्या सेटिंग. त्या बंद झाल्या की हायपरव्हायझर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होतो, पण आतल्या मशीन उठत नाहीत.

आता डिस्कचं कुलूप. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या मशीनवर आहे ना, ते बघा आणि बिटलॉकर थांबवा. नुसतं ‘सस्पेंड’ केलं तर ते एका रीबूटनंतर आपोआप पुन्हा लागतं. जम्परच्या कामात दोन-तीन रीबूट होतात, म्हणून पॉवरशेलमधून थांबवताना रीबूटची संख्या शून्य द्या. शून्य म्हणजे ‘मी सांगेपर्यंत थांब’. लिनक्समध्ये डिस्कची किल्ली टीपीएममध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपमध्ये) ठेवली असेल तर हातानं टाइप करायचा पासफ्रेज चालतो का, हे आज एकदा प्रत्यक्ष टाइप करून बघा.

इशारा: बॅकअप आहे असं कुणी सांगितलं तर त्यातली एक फाइल परत काढून दाखवायला सांगा. तेवढं झाल्याशिवाय झाकण उघडू नका.

४. वीज खरोखर तोडा

ऑपरेटिंग सिस्टममधून सर्व्हर नीट बंद करा. मग मागच्या दोन्ही पॉवर कॉर्ड काढा. ‘दोन्ही’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एक काढून काम करणारे मी पाहिले आहेत. सर्व्हर बंद असला तरी कॉर्ड लावलेली असेपर्यंत बोर्डावर स्टँडबाय वीज असते आणि बीएमसी चालूच असतं. अशा वेळी जम्पर हलवताना हात घसरला आणि कॅप शेजारच्या पिनेला टेकली, तर बोर्ड जाऊ शकतो.

कॉर्ड काढल्यावर पुढचं पॉवर बटण १० ते १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमधली उरलेली वीज निघून जाते. बोर्डावरचा स्टँडबायचा छोटा एलईडी पूर्ण विझेपर्यंत थांबा. काही बोर्डांवर तो अर्धा मिनिट मंद जळत राहतो.

मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा लावून त्याचा चिमटा रंग नसलेल्या धातूवर, चेसिसला लावा. त्या पट्ट्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. घरी केलेली उघडी वायर ही त्याला पर्याय नाही. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्याच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना ठिणगी दिसते. तेवढी ठिणगी चिपला पुष्कळ होते.

तपासणी: दोन्ही कॉर्ड जमिनीवर दिसताहेत, नेटवर्क केबलजवळचे दिवे विझले आहेत, बोर्डाचा एलईडी विझला आहे. हे तिन्ही झालं तरच पुढे.

५. जम्पर ओळखा, मग हलवा

झाकणाच्या आतल्या बाजूला बहुधा बोर्डाचा नकाशा चिकटवलेला असतो. तो वाचा. तुमच्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल मोबाइलवर उघडून ठेवा. ‘मागच्या सर्व्हरमध्ये इथेच होता’ या आठवणीवर जाऊ नका, एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांमध्ये जागा बदलते.

कॅप हलवण्याआधी जवळून फोटो काढा, पिन क्रमांक एकची खूण दिसेल असा. ही खूण बोर्डावर छोटा त्रिकोण, पांढरा ठिपका किंवा चौकोनी सोल्डरच्या रूपात असते. कॅप अगदी लहान असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. बोटानं ओढलीत तर ती उडते आणि मेमरीच्या स्लॉटखाली जाऊन बसते. प्लॅस्टिकच्या चिमट्यानं सरळ वर उचला, वाकवू नका. जवळपास हवेची नळी किंवा रायझर (कार्ड आडवं बसवायची पट्टी) असेल तर तो आधी काढून ठेवा. अडचणीत हात घालून केलेलं कामच बहुधा बिघडतं.

आता मुख्य गोष्ट. जम्पर दोन जातींचे असतात. एक वीज नसतानाच काम करतो. दुसऱ्यावर कॅप ठेवून एकदा बूट करावं लागतं, मग परत बंद करून कॅप मूळ जागी आणावी लागते. ही जात न ओळखल्यामुळे ‘जम्पर लावला तरी काही झालं नाही’ अशी तक्रार बऱ्याचदा येते.

डेल पॉवरएज, आर७३० आणि आर७४० च्या पिढीत सहा पिनांचा गट असतो. पासवर्डचा जम्पर २-४-६ या रांगेत, सेटिंगचा १-३-५ या रांगेत. पासवर्डचा नेहमी २-४ वर असतो, ४-६ वर नेला की पासवर्ड बंद. पण जुना पासवर्ड ४-६ वर एकदा बूट झाल्यावरच जातो. आणि तिथेच ठेवून नवा पासवर्ड घातला तर पुढच्या बूटला तोही जातो. म्हणून बूट, मग बंद, कॉर्ड काढणं, कॅप २-४ वर, आणि त्यानंतर नवा पासवर्ड. आर७४० मध्ये ४-६ वर ठेवल्यानं आयड्रॅकचा स्थानिक प्रवेशही उघडतो. म्हणजे विसरलेली कॅप म्हणजे दोन दरवाजे उघडे. सेटिंगचा जम्पर नेहमी ३-५ वर. १-३ वर ठेवलात तर पुढच्या बूटला सेटिंग पुसली जाते, आणि तिथेच राहिला तर दर बूटला पुसली जाते. ‘सर्व्हर सेटिंग लक्षात ठेवत नाही, सेल गेला असेल’ म्हणून नाण्यासारखा सेल दोनदा बदललेला आणि मूळ कारण ही कॅप, असं मी स्वतः पाहिलं आहे.

एचपीई प्रोलायंटमध्ये कॅपऐवजी छोट्या बटणांची पट्टी असते. एस१ चालू केलं की आयएलओची सुरक्षा बाजूला पडते, एस२ सेटिंगला कुलूप लावतं, एस५ पॉवर-ऑन पासवर्ड बंद करतं, आणि एस६ चालू असताना रॉम, म्हणजे बायोसची चिप, सगळी सेटिंग अवैध धरतं. बाकीच्या बऱ्याच जागा राखीव आहेत, त्यांना हात लावू नका. बटणं बोटाच्या नखानं हलवा. पेन्सिल वापरू नका, ग्राफाइटची भुकटी वीज वाहते.

सुपरमायक्रोमध्ये सेटिंग पुसण्यासाठी जेबीटी१ असं लिहिलेले दोन उघडे धातूचे ठिपके असतात, कॅप नसते. कॉर्ड काढायच्या, सेल काढायचा, दोन ठिपके छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं किमान चार सेकंद जोडायचे, मग सेल परत. सर्व्हरला वीज असताना हे कधीही करू नका. पॉवर बटणाच्या पिना वापरून सेटिंग पुसायला जाऊ नका, मॅन्युअल स्पष्ट मनाई करतं. याच बोर्डांवर जेपीएमई२ नावाचा जम्पर असतो. १-२ नेहमीची जागा, २-३ म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग मोड. त्यात फर्मवेअर चिपचं संरक्षण बाजूला ठेवलं जातं, म्हणजे सर्व्हरच्या आतूनच चिपवर लिहिता येतं. फर्मवेअर दुरुस्त करायला तो उपयोगी आहे, पण तसाच राहिला तर ऑपरेटिंग सिस्टमवर ताबा मिळवणारा कुणीही फर्मवेअरवर लिहू शकतो. मग डिस्क बदलून, सिस्टम नव्यानं टाकूनही घुसखोर जात नाही.

इंटेलच्या सर्व्हर बोर्डांवर तीन पिनांचे गट असतात: बायोस डिफॉल्ट, पासवर्ड क्लिअर, बीएमसी फोर्स अपडेट वगैरे. १-२ नेहमीची जागा, २-३ काम करणारी. बायोस डिफॉल्टचा जम्पर वीज नसताना पाच सेकंद २-३ वर ठेवून परत आणायचा असतो, पासवर्ड क्लिअरला मात्र एक बूट लागतो. एकाच बोर्डावर दोन्ही जाती, म्हणून मॅन्युअल उघडं ठेवा म्हटलं.

इशारा: एका वेळी एकच जम्पर. ‘उघडलाच आहे तर दोन्ही करून टाकू’ असं करू नका. काही बिघडलं तर कशामुळे, ते कळत नाही.

६. पहिला बूट, घाई न करता

कॉर्ड लावा आणि एक-दोन मिनिटं थांबा, बीएमसीला आधी उठू द्या. मग पॉवर बटण.

सेटिंग पुसल्यावरचा पहिला बूट हळू असतो. मेमरी जास्त असेल तर स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते, पंखे पूर्ण वेगानं ओरडतात, मध्ये एकदा-दोनदा आपोआप रीस्टार्ट होतं. इथे घाबरून कॉर्ड ओढणं ही या सगळ्या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. घड्याळ लावून पंधरा मिनिटं द्या.

बायोसमध्ये गेल्यावर पहिल्यांदा तारीख आणि वेळ बरोबर करा. विंडोज डोमेनला जोडलेल्या सर्व्हरवर पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस (डोमेनची ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं, आणि माणूस तासभर पासवर्ड बदलत बसतो. मग फोटो बघून बूटची पद्धत, साटा, वीज परत आल्यावरची सेटिंग आणि व्हर्च्युअलायझेशन ओळीनं भरा.

इशारा: रेडमधल्या डिस्क सुट्या-सुट्या दिसल्या तर ‘इनिशिअलाइझ’ किंवा ‘नवीन ॲरे’ला हो म्हणू नका. बहुतेक वेळा कंट्रोलर रेडवरून एएचसीआयवर गेलेला असतो. सेटिंग परत रेडवर आणा, ॲरे दिसेल.

हे सगळं जमलं की सर्व्हर बंद, दोन्ही कॉर्ड बाहेर, आणि जम्परची कॅप अजून हलवलेल्या जागी असेल तर ती मूळ जागी. आधी काढलेला फोटो समोर धरून जुळवा. झाकण अजून लावू नका.

७. वीजमर्यादा परत लावा आणि लोड देऊन मोजा

आता टप्पा १ चा कागद काढा. आधी बायोसमधले आकडे, मग बीएमसीची कॅप, मग ऑपरेटिंग सिस्टम.

आयड्रॅक आणि आयएलओमध्ये कॅपसाठी वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं. सुपरमायक्रो आणि इतर बऱ्याच बोर्डांवर आयपीएमआयटूल या कमांडमधून डीसीएमआयची (बीएमसीला द्यायच्या ठरावीक आज्ञांची) मर्यादा घालता येते. इथे तीन चुका होतात.

पहिली: मर्यादेचा आकडा घातला, पण ती सक्रिय केली नाही. डीसीएमआयमध्ये आकडा घालणं आणि मर्यादा चालू करणं या दोन वेगळ्या कमांड आहेत. आकडा दिसतो म्हणून मर्यादा लागू आहे असं धरू नका. मर्यादा वाचायची कमांड देऊन ती ‘सक्रिय’ आहे हे शब्दांत वाचा.

दुसरी चूक जास्त धोक्याची. मर्यादा ओलांडली गेली तर काय करायचं, हेही तिथेच ठरतं, आणि त्यात ‘सर्व्हर तडकाफडकी बंद कर’ हा पर्याय असतो. बहुतेकांना हवी असते फक्त नोंद. कॉपी केलेल्या कमांडमध्ये चुकीचा पर्याय राहिला, तर महिन्याच्या शेवटी पगाराचं काम चालू असताना सर्व्हर बंद पडतो.

तिसरी: आकडा फार खाली ठेवणं. प्रत्येक सर्व्हरचा एक तळ असतो, पंखे, डिस्क आणि मेमरी मिळून. त्याच्या जवळ मर्यादा नेली तर प्रोसेसर रांगायला लागतो आणि तरीही मर्यादा पाळली जात नाही. आयड्रॅक किमान आणि कमाल आकडा दाखवतं, तो ओलांडू नका.

आता मोजणी. रिकामा सर्व्हर मोजून काही कळत नाही. स्ट्रेस-एनजीसारख्या, प्रोसेसरवर मुद्दाम लोड टाकणाऱ्या साधनानं सगळे कोर २० मिनिटं चालवा आणि दर मिनिटाला बीएमसीचे वॉट लिहा. पहिली काही सेकंद आकडा मर्यादेच्या वर जाऊन खाली येईल, ती पीएल२ ची उसळी आहे. पाच मिनिटांनंतरही वर असेल तर मर्यादा लागलेली नाही. त्याच वेळी प्लगला हाताची पाठ जवळ नेऊन बघा. गरम जाणवला तर सॉकेटचा स्क्रू आणि वायर इलेक्ट्रिशियनला दाखवा, तो सर्व्हरचा प्रश्न नाही.

तपासणी: सर्व्हर एकदा पूर्ण रीबूट करा आणि तिन्ही जागांचे आकडे पुन्हा वाचा. रीबूटनंतर जो आकडा दिसतो तोच खरा.

८. डिस्कच्या जम्परनं सुरुवातीची उसळी कमी करा

बारा डिस्क एकदम फिरायला लागल्या की प्रत्येक ३.५ इंची डिस्क सुरुवातीला १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते. म्हणजे काही सेकंद जवळपास २९० वॉट नुसत्या मोटरला. जुना पॉवर सप्लाय किंवा छोटा यूपीएस नेमका इथे कोसळतो, आणि लोक मदरबोर्डला दोष देतात.

वेस्टर्न डिजिटलच्या अनेक साटा डिस्कवर मागे जम्परच्या पिना असतात. ३-४ वर कॅप लावली की डिस्क वीज मिळाल्यावर लगेच फिरत नाही, कंट्रोलरच्या आज्ञेची वाट बघते. शेजारच्या ५-६ वर चुकून लावलीत तर डिस्कचा वेग १.५ गिगाबिटवर येतो आणि ‘डिस्क हळू का झाली’ हे कुणाला कळत नाही.

हे करण्याआधी कंट्रोलर डिस्क जागी करतो का हे बघा. नसेल करत, तर डिस्क दिसतच नाही आणि ती मेली असं वाटतं. एका डिस्कवर करून बघा, बूट करा, मग बाकीच्यांवर. सॅस कंट्रोलर (साटाऐवजी सर्व्हरमध्ये वापरतात तो डिस्कचा कंट्रोलर) असेल तर त्याच्याच सेटिंगमध्ये डिस्क टप्प्याटप्प्यानं फिरवायची सोय असते. तिथे जम्परच्या मागे लागू नका.

९. फर्मवेअरचं कुलूप, शेवटी

फर्मवेअर अपडेट करायचं असेल तर ते आता, कुलूप लावण्याआधी. फाइल कंपनीच्या साइटवरूनच घ्या, दिलेल्या एसएचए-२५६ शी (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्याशी) ताळा जुळवा, सर्व्हर यूपीएसवर ठेवा. अपडेटनंतर काही वेळा बायोसचे आकडे बदलतात, म्हणून टप्पा ७ ची वाचणी पुन्हा.

मग सगळे जम्पर मूळ जागी आहेत हे फोटोशी ताडून झाकण लावा आणि या क्रमानं जा. बायोसचा सेटअप पासवर्ड घाला. बीएमसीचा पासवर्ड बदला, विशेषतः ते कारखान्याच्या स्थितीला गेलं असेल तर. जुन्या डेलमध्ये ते रूट आणि कॅल्विनवर जातं, जुन्या सुपरमायक्रोत नाव आणि पासवर्ड दोन्ही एडमिन, आणि हे जगजाहीर आहे. डेलच्या आयड्रॅक ९ मध्ये लॉकडाउन मोड (सेटिंग बदलू न देणारी स्थिती) आहे, एचपीईमध्ये एस२ चं बटण. हे दोन्ही सेटिंग गोठवतात, म्हणून मर्यादा लावून, मोजून झाल्यावरच.

ज्यांच्या बोर्डावर फर्मवेअर चिपसाठी वेगळा लेखनबंदीचा जम्पर आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त. तो जम्पर आठ पायांच्या चिपच्या तिसऱ्या पायाला शून्य व्होल्टवर आणतो. पण नुसता पाय खाली आणून चिपवरचं लेखन बंद होत नाही. चिपच्या आत एक स्टेटस रजिस्टर (तिच्या स्वतःच्या सेटिंगची छोटी जागा) असतो. कुठला भाग राखायचा आणि पायाकडे लक्ष द्यायचं की नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. पायाकडे लक्ष द्यायचा बिट लावलेला नसेल तर जम्पर नुसता शोभेचा. उलट, चिप चौपदरी वेगानं चालवायचा बिट लावलेला असेल तर तोच पाय डेटासाठी वापरला जातो आणि लेखनबंदी निकामी होते. फ्लॅशरॉम या चिप वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये लेखनबंदीची स्थिती वाचता येते, राखायचा भाग ठरवता येतो आणि बंदी चालू करता येते. आधी जम्पर उघडा ठेवून भाग ठरवा, बंदी चालू करा, मग जम्पर लावा. जम्पर लावून बंदी चालू केली आणि मग भाग ठरवायला गेलात तर रजिस्टर बदलतच नाही आणि कमांड चुकली असं वाटतं. शेवटी एका छोट्या भागावर लिहून बघण्याचा मोह टाळा. स्थिती वाचा, तेवढं पुरे.

जम्पर खरोखर परत गेला का, हे झाकण न उघडता तपासण्यासाठी लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी या फर्मवेअर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा सुरक्षा अहवाल काढा. त्यात फर्मवेअर चिपवर लिहिता येतं का, तिचं कुलूप लागलं आहे का आणि इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधला वेगळा छोटा प्रोसेसर) मॅन्युफॅक्चरिंग मोडमध्ये आहे का, हे ओळीनं दिसतं. जेपीएमई२ विसरलेला असेल तर तो इथे पकडला जातो. एचपीईमध्ये एस१ चालू राहिलं असेल तर आयएलओच्या पानावरच इशारा दिसतो.

आता बिटलॉकर पुन्हा सुरू करा. शून्य दिलं होतं, म्हणजे ते आपोआप सुरू होणार नाही. मग दोन्ही कॉर्ड ओढून पाच मिनिटांनी लावा आणि सर्व्हर कुणीही बटण न दाबता उठतो का, ते उभं राहून बघा.

झाकणाच्या आतल्या बाजूला, नकाशाच्या शेजारी, एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, कुठला जम्पर हलवला, परत कुठे ठेवला, बायोसमधले आणि बीएमसीतले वॉटचे आकडे, आणि लाइनची क्षमता. पासवर्ड तिथे लिहू नका.